रानपक्ष्यांच्या शिकारीसाठी हलकी ओव्हर-अंडर कशी निवडावी

ऑक्टोबर जवळ आला की मिनेसोटा, आयोवा, नेब्रास्का अशा राज्यांत नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी माणसाला कधी ना कधी एक बोलावणं येतं. ऑफिसातला सहकारी नाहीतर शेजारी विचारतो, "साऊथ डकोटाला फेझंटला चाललोय, येतोस का?" पहिल्या वर्षी माणूस उसनी पंप बंदूक (पुढची मूठ मागेपुढे सरकवून काडतूस भरायची एकनळी) घेऊन जातो. पायाशी गवतातून ओरडत उडालेला नर फेझंट, कुत्र्यांची धावपळ, दिवसभराची पायपीट हे सगळं अंगात भिनतं आणि पुढच्या मोसमाआधी स्वतःची दुनळी घ्यावीशी वाटते. तीही ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक नळ्या असलेली. आणि अर्थातच हलकी.

विक्रेता साडेपाच पौंडांची एखादी देखणी बंदूक हातात ठेवतो, आपण ती खांद्याला लावून बघतो आणि तिथंच विरघळतो. माझं म्हणणं एवढंच, की आधी पक्षी ठरवा, पक्ष्यावरून काडतूस ठरेल, काडतुसावरून बंदुकीचं वजन, आणि बंदूक सगळ्यात शेवटी. दुकानात हा क्रम बरोबर उलटा होतो. मग दहाव्या काडतुसाला खांदा ठणकायला लागतो आणि माणूस त्या बिचाऱ्या बंदुकीला नावं ठेवतो.

हे सगळं अमेरिकेतल्या वाचकांसाठी आहे. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी रानपक्ष्यांच्या शिकारीचा विषय मिटवलेला आहे, आणि तो मिटलेलाच बरा. ही बंदूक पुढे कधी गावी नेऊ, असा विचार असेल तर तो आत्ताच सोडून द्या.

आधी कागद

बंदुकीच्या आधी स्वतःची इमिग्रेशनची स्थिती तपासा. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक शॉटगन विकत घेऊ शकतात. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना मात्र संघीय कायद्यानं बंदूक आणि काडतुसं बाळगायलाच सर्वसाधारण बंदी आहे. तिला जे थोडे अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना. हा अपवाद खरा असला तरी "मित्र म्हणाला चालतं" एवढ्यावर जाऊ नका. पुढे ग्रीन कार्डाची फाईल चालू असेल तर वकिलाला एक फोन करणं स्वस्त पडतं. उसनी बंदूक हातात घेणं हेही बाळगण्यातच मोडतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

परवानाधारक दुकानात खरेदी करताना फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. शॉटगनसाठी संघीय वयोमर्यादा १८ आहे, काही राज्यांची याहून जास्त आहे. शिवाय शिकारीचा परवाना, आणि त्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स. मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांना तो सक्तीचा आहे. इतर राज्यांच्या तारखा वेगळ्या, पण एका राज्याचं प्रमाणपत्र दुसरीकडे चालतं. सक्तीचा नसला तरी करा. बंदूक कशी धरायची हे तिथं जितकं नीट शिकवतात तितकं कुठलाही मित्र शिकवत नाही.

कोणता पक्षी, किती चाल

'अपलँड' म्हणजे पाणथळ सोडून बाकीचं रान: गवताळ माळ, मक्याची कापलेली शेतं, झुडपं, डोंगरउतार. इथले पक्षी जमिनीवर राहतात, माणूस किंवा कुत्रा जवळ गेल्यावर उडतात. बदकांसारखं एका जागी लपून बसायचं नसतं, चालत राहायचं असतं. बंदूक सात-आठ तास हातात आणि प्रत्यक्ष बार काढायचे ते मोजके क्षण, असा हा सगळा हिशेब आहे. म्हणून वजनाला इतकं महत्त्व.

साऊथ डकोटात फेझंटचा मुख्य मोसम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतो, दिवसाला तीन नर एवढीच मुभा आणि माद्यांवर पूर्ण बंदी. (हा शनिवार कधी नवरात्रात येतो, कधी दिवाळीच्या तोंडावर. घरातली परवानगी फॉर्म ४४७३ पेक्षा अवघड, तेव्हा आधीच बोलून ठेवा.) परराज्यातल्यांचा परवाना पाच-पाच दिवसांच्या दोन हप्त्यांत मिळतो. नर फेझंट सव्वा किलोच्या आसपास भरतो आणि कमालीचा चिवट असतो. हलकं जखमी केलं तर पळून गवतात गडप होतो. त्याला दमदार काडतूस लागतं.

उत्तर मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगनच्या जंगलात रफ्ड ग्राऊस. ॲस्पेनच्या दाट कोवळ्या झाडीत तो वीस-पंचवीस यार्डांवर एक क्षण दिसतो आणि झाडाआड जातो. पक्षी लहान, अंतर कमी, म्हणून काडतूस हलकं चालतं आणि बंदूक चपळ लागते. कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्ससकडे बॉबव्हाइट क्वेल, म्हणजे आपल्या लाव्याचा चुलत भाऊ. त्याला तर पाऊण औंस छर्रे पुरतात.

आणि चकोर. हो, आपल्या कवितेतला चांदणं पिणारा चकोरच. १८९३ मध्ये कराचीहून त्याची काही जोडपी अमेरिकेत आणली गेली, नंतर आणखी पुष्कळ आली, आणि आज नेवाडा, आयडाहो, पूर्व ओरेगनच्या खडकाळ उतारांवर तो चांगला रुजला आहे. चकोर धावत डोंगर चढतो आणि उडतो मात्र खाली. त्याच्यामागे जाणाऱ्याला बंदुकीचा प्रत्येक औंस जाणवतो. हलक्या ओव्हर-अंडरची खरी गरज कुणाला असेल तर ती या माणसाला.

शहाण्णवचा नियम

एकोणिसाव्या शतकातला इंग्रज बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर याच्या नावानं एक ठोकताळा चालत आला आहे: बंदुकीचं वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावं. एक औंस छर्रे, तर ९६ औंस म्हणजे सहा पौंडांची बंदूक. (सहा पौंड म्हणजे साधारण २.७ किलो.) हा काही विज्ञानाचा नियम नव्हे, पण दीडशे वर्षांनंतरही तो खांद्याला पटतो.

फेझंटसाठी सव्वा औंसाचं काडतूस घ्यायचं म्हटलं तर नियम साडेसात पौंड सांगतो. १ १/८ औंसाला पावणेसात पौंड. ७/८ औंसाला सव्वापाच. २८ गेजच्या (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, त्याबद्दल पुढे) पाऊण औंसाला तर साडेचार पौंडच, आणि इतक्या हलक्या ओव्हर-अंडर सहसा कुणी बनवतच नाही. म्हणून २८ गेज चालवायला इतकी मऊ लागते.

आता उलटं बघा. सहा पौंडांच्या १२ गेजमध्ये सव्वा औंसाचं जोरदार फेझंट काडतूस घातलंत, तर नियमापेक्षा बंदूक दीड पौंडानं हलकी. काडतूस तेच असेल तर धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. साडेसात पौंडांवरून सहावर आलात की धक्का पंचवीस टक्के जास्त. दिवसात चार बार काढायचे तर जाड जॅकेटात ते कळणारही नाही. पण सराव करायचा असेल, आणि नवख्यानं तो करायलाच हवा, तर पन्नास बारांनंतर चाप ओढण्याआधी डोळे मिटायला लागतात. ती सवय एकदा लागली की सुटायला अख्खा मोसम जातो.

माझं मत: पहिली बंदूक, मुख्यतः फेझंट, कुत्र्यांसोबतची शिकार, तर १२ गेज साडेसहा ते सात पौंडांच्या दरम्यान, आणि काडतूस १ १/८ औंस. फेझंट आणि ग्राऊस दोन्ही करायचं तर २० गेज, सहा पौंडांच्या आसपास, एक औंस. साडेपाच पौंडांची १२ गेज नवख्याला मी सुचवणार नाही, कितीही सुंदर असली तरी.

१२, २०, २८

गेजचा आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. १२ गेजचा आतला व्यास साधारण १८.५ मिलिमीटर, २० चा १५.६, २८ चा १४. पौंडभर शिशाच्या त्या नळीत बसतील अशा किती समान गोळ्या होतील, तो आकडा म्हणजे गेज. १६ गेजही आहे, तिचे भक्त आहेत, पण काडतुसं प्रत्येक गावातल्या दुकानात मिळत नाहीत. पहिल्या बंदुकीसाठी ती सोडा. सगळ्यात बारीक नळीची ४१० तर अजिबात नको. मुलांची बंदूक म्हणून ती खपवतात, पण उडता पक्षी तिनं पाडणं हे मुरलेल्या माणसाचं काम.

२० गेजच्या बाजूनं बोलायचं तर तिचा सगळा सांगाडाच लहान असतो, त्यामुळे पोलादी असूनही ती सव्वासहा पौंडांच्या आसपास येते. आपल्याकडच्या सडपातळ बांध्याच्या माणसांना, बायकांना, ती हातात नीट बसते.

घरात १२ आणि २० दोन्ही असतील तर एक गोष्ट कधीही विसरू नका. २० चं काडतूस १२ च्या नळीत घातलं तर ते घरंगळत आत जाऊन पुढे अडकतं. नळी रिकामी आहे असं समजून मागून १२ चं काडतूस घातलं आणि बार काढला, की नळी फुटते आणि हातही जातो. याच कारणासाठी अमेरिकेत २० गेजची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात. जॅकेटच्या खिशात दोन गेज कधीच एकत्र ठेवायचे नाहीत. घरी आल्यावर प्रत्येक खिसा उलटा करायचा.

हलकेपणा येतो कुठून

नळ्या आणि दस्ता यांना जोडणारा जो मधला धातूचा भाग, रिसीव्हर, तो पोलादाऐवजी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला की अर्धा-पाऊण पौंड सहज वाचतो. नळ्यांचं तोंड जिथं येऊन टेकतं आणि सगळा दाब येतो, तिथं पोलादाचा किंवा टायटॅनियमचा तुकडा बसवलेला असतो. बेरेट्टाच्या अल्ट्रालाइटमध्ये तो टायटॅनियमचा आहे. ब्राउनिंग सिटोरीच्या फेदर प्रकारात पोलादाचा. फ्रांकी इन्स्टिंक्ट एसएल, बेनेली ८२८यू, सीझेड अपलँड अल्ट्रालाइट, स्टीव्हन्स ५५५ ही सगळी याच घराण्यातली.

या बंदुका कमकुवत असतात का? शिकारीच्या वापराला नाहीत. वर्षाकाठी हजारो बार ट्रॅपच्या, म्हणजे हवेत फेकलेल्या तबकड्या मारण्याच्या, मैदानावर काढणार असाल तर मात्र पोलादीच घ्या. ती टिकते आणि वजनामुळे धक्काही गिळते.

मिश्रधातूमुळे दुसराही एक फरक पडतो, ज्याबद्दल विक्रेते फारसं बोलत नाहीत. वजन मधूनच काढलेलं असतं, नळ्या मात्र होत्या तेवढ्याच जड. त्यामुळे तोल किंचित पुढे सरकतो. काहींना ते नळीजड वाटतं. मला ते आवडतं, कारण हलक्या बंदुकीचा मोठा दोष म्हणजे ती चटकन फिरते आणि तितकीच चटकन थांबते. उडत्या पक्ष्याच्या पुढे नळी नेऊन, फिरवत फिरवतच चाप ओढायचा असतो. नळी थांबली की छर्रे शेपटीमागून जातात. पुढचं थोडं वजन हात फिरता ठेवतं.

याच कारणासाठी २६ इंचांपेक्षा २८ इंचांच्या नळ्या बघा. ओव्हर-अंडरला पंप किंवा सेमी-ऑटोसारखा लांब रिसीव्हर नसतो, म्हणून २८ इंच नळीची दुनळी त्याच नळीच्या पंपपेक्षा तीन-चार इंच आखूडच भरते. फक्त ग्राऊसच्या झाडीतच जाणार असाल तर २६ ठीक.

किमतींचं साधारण चित्र असं. तुर्कस्तानात बनणारी स्टीव्हन्स ५५५ हजार डॉलरच्या आत येते, १२ गेजमध्ये सुमारे सहा पौंड, २० मध्ये साडेपाच. साध्या ५५५ मध्ये रिकामी काडतुसं फक्त वर उचलली जातात, ५५५ई मध्ये ती आपोआप बाहेर फेकली जातात. सीझेड हीही तुर्की बनावटीची, थोडी वरच्या पायरीवर. मग इटलीच्या. ब्रेशियाजवळच्या गार्दोने गावी १५२६ पासून बंदुका बनवणारं बेरेट्टा घराणं आज बेनेली आणि फ्रांकी या दोन्हींचं मालक आहे. इन्स्टिंक्ट एसएल १२ गेजमध्ये साडेसहा पौंडांच्या किंचित आत. ८२८यू ही साडेसहाच्या जवळ. बेरेट्टाची ६८६ सिल्व्हर पिजन पोलादी आहे, तरी १२ गेजमध्ये पावणेसातच्या आसपास भरते, कारण तिचा रिसीव्हर उंचीला मुळातच कमी आहे: बंदूक उघडताना नळ्या ज्यांवर फिरतात ते खिळे बाजूला बसवलेत, खाली नाहीत. सिटोरीत नळ्यांखाली आडवा पूर्ण रुंदीचा खिळा असतो, त्यामुळे ती उंच आणि जड, पण पिढ्यान्‌पिढ्या टिकते. तिचा वारसाही मोठा. जॉन ब्राउनिंगची शेवटची बंदूक म्हणजे सुपरपोझ्ड. तो १९२६ मध्ये बेल्जियमच्या लिएज शहरात काम करता करता गेला, मुलगा व्हॅल यानं ती पूर्णत्वाला नेली आणि १९३१ मध्ये ती बाजारात आली. १९७३ पासूनची सिटोरी तिचीच वारस, बनते जपानमध्ये मिरोकूच्या कारखान्यात.

मॉडेलच्या याद्या वाचण्यात महिने घालवणारे लोक मला माहीत आहेत. दोन-तीन नावं निवडा आणि दुकानात जा. पुढचं काम तिथलंच.

अंगाला बसते का

ज्यावर सगळं अवलंबून असतं आणि ज्याला लोक सगळ्यात कमी वेळ देतात, तो भाग हा. शॉटगननं रायफलसारखा नेम धरत नाहीत. नजर पक्ष्यावर, आणि बंदूक नजरेच्या मागोमाग. म्हणजे तुमचा डोळा हाच मागचा नेमबिंदू. दस्ता अंगाला बसत नसेल तर डोळा प्रत्येक वेळी वेगळ्या जागी येतो, आणि कितीही महागडी दुनळी असली तरी पक्षी हसत निघून जातो.

दुकानात जाताना शिकारीचं जॅकेट सोबत न्या. विक्रेत्यानं बंदूक दिली की ती आधी उघडा, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे स्वतः बघा. त्यानं बघितलेलं पुरत नाही. मग परवानगी घ्या, भिंतीच्या वरच्या कोपऱ्यातली एखादी निर्धोक जागा हेरा, तिच्याकडे बघा आणि डोळे मिटा. मिटल्या डोळ्यांनी बंदूक उचलून खांद्याला लावा, गाल दस्त्यावर आरामात टेकवा. मान पुढे ताणू नका, बंदूक गालाकडे येऊ द्या. आता डोळे उघडा.

काय दिसतं? नळीवरची पट्टी सरळ समोर, तिच्यावर पुढचा मणी, पट्टीचा अगदी थोडा पृष्ठभाग दिसतोय, तर उत्तम. पट्टीऐवजी रिसीव्हरची मागची बाजूच दिसत असेल तर दस्त्याची कड तुम्हाला खाली पडतेय. बार खाली जाईल. पट्टी रस्त्यासारखी लांबच लांब दिसत असेल तर कड उंच. बार वर जाईल. मणी डावीकडे-उजवीकडे दिसत असेल तर दस्त्याचा आडवा कल तुम्हाला जुळत नाही. उजव्या हातानं चालवणाऱ्यासाठी दस्ता किंचित उजवीकडे वळवलेला असतो, डावखुऱ्यांनी हे आवर्जून तपासावं. हे एकदा नाही, पाच-सहा वेळा करा, एकदा शर्टावर आणि एकदा जॅकेटावर.

मग लांबी. चाप ते दस्त्याचं बूड हे अंतर बाजारातल्या बहुतेक बंदुकांत सव्वाचौदा ते साडेचौदा इंच असतं, आणि ते पावणेसहा फुटांच्या वरच्या अमेरिकन माणसाचं माप आहे. कोपराच्या खोबणीत दस्ता ठेवून बोट चापापर्यंत पोचतं का, अशी चाचणी जुने लोक सांगतात. तिच्यावर विसंबू नका. बंदूक लावल्यावर अंगठ्याचा सांधा आणि नाक यांत दोन बोटं जागा राहिली पाहिजे. कमी असेल तर धक्क्यानं नाकावर ठोसा बसतो. जास्त असेल तर दस्ता जॅकेटच्या बगलेत अडकतो, आणि पक्षी वाट बघत थांबत नाही. पाच फूट चार इंचांच्या माणसाला पावणेचौदा बरं पडू शकतं. चांगला बंदूककार दस्ता कापून बूड पुन्हा बसवून देतो, बायकांच्या बांध्यासाठी मुद्दाम बनवलेली सीझर गुएरिनीची सायरन मालिकाही आहे. ८२८यू मध्ये दस्त्याचा उतार आणि कल बदलायच्या पातळ पट्ट्या डब्यातच येतात. सरासरी माप ज्यांना बसत नाही त्यांना याचा उपयोग होतो.

कोणता डोळा प्रबळ आहे हेही बघून घ्या. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या एखाद्या खुणेवर अंगठा धरा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं अंगठा खुणेवरून हलत नाही तो प्रबळ. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ निघाला तर चष्म्याच्या डाव्या काचेवर मध्यभागी धूसर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावतात, आणि ती युक्ती चालते. प्रोग्रेसिव्ह काचांचा चष्मा असणाऱ्यांनी मात्र शिकारीसाठी साधा दूरचा वेगळा करून घ्यावा. गाल टेकवल्यावर काचेचा भलताच भाग डोळ्यासमोर येतो.

चोक, चाप, कळ

नळीच्या तोंडाशी जी किंचित निमुळती आवळण असते तिला चोक म्हणतात. छर्रे किती लवकर पसरतील ते ती ठरवते. ४० यार्डांवर ३० इंचांच्या वर्तुळात इम्प्रूव्हड सिलिंडरचे साधारण ५० टक्के छर्रे पडतात, मॉडिफाइडचे ६०, फुलचे ७०. आजच्या बंदुकांत स्क्रूचे चोक बदलता येतात. ओव्हर-अंडरचा खरा फायदा इथं आहे: पहिल्या बाराला उघडा चोक, दुसऱ्याला घट्ट, कारण दुसऱ्या बारापर्यंत पक्षी लांब गेलेला असतो. फेझंटला इम्प्रूव्हड सिलिंडर आणि मॉडिफाइड ही जोडी लावा आणि विसरून जा. ग्राऊसला स्कीट (आणखी उघडा चोक) आणि इम्प्रूव्हड सिलिंडर. पहिला बार खालच्या नळीचा ठेवा. तिचा धक्का खांद्यात सरळ जातो, नळी कमी उसळते.

शिसं चालेल की नाही हे जागेवर अवलंबून आहे. साऊथ डकोटातल्या बहुतेक सार्वजनिक जमिनींवर आणि संघीय वॉटरफाउल प्रॉडक्शन एरियांत (पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या जमिनींत) बिनविषारी छर्रेच लागतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीला. पोलादी छर्रे शिशापेक्षा दोन आकड्यांनी जाड घ्यायचे (छर्ऱ्याचा आकडा जितका लहान तितका तो जाड), आणि ते घट्टच राहतात म्हणून चोक एक पायरी उघडा. जुन्या, कायमच्या फुल चोकच्या बंदुकीत पोलाद घालू नका.

चाप दोन जातींचा. एकात पहिल्या बाराच्या धक्क्यानं दुसरी नळी तयार होते; पहिलं काडतूस फुसकं निघालं तर दुसरा बार होत नाही. दुसऱ्यात, म्हणजे यांत्रिकात, धक्क्याची गरजच नसते. विक्रेत्याला दोन खोटी काडतुसं घालायला सांगा, चाप ओढा, बंदूक न हलवता पुन्हा ओढा. दुसऱ्यांदा टक आवाज आला तर यांत्रिक. शिकारीला मला तो बरा वाटतो, पण एवढ्यावरून चांगली बसणारी बंदूक सोडू नका.

सुरक्षेची कळ बंदूक उघडल्यावर आपोआप मागे, म्हणजे सुरक्षित जागी, येते का, हे विचारा. क्लेज, म्हणजे तबकड्यांचा खेळ, खेळणाऱ्यांना त्याचा राग येतो. शिकाऱ्यानं तीच घ्यावी.

जुनी घेणार असाल तर

हजार-बाराशे डॉलरांत जुनी बेरेट्टा किंवा सिटोरी मिळाली तर नव्या स्वस्त बंदुकीपेक्षा मी ती आधी बघेन. बंदूक बंद करून ती उघडायची वरची लिव्हर कुठं थांबते ते पाहा. नव्यात ती मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे असते, झिजत जाते तशी मध्यावर येते. मध्याच्या डावीकडे गेली असेल तर दुरुस्तीचे पैसे किमतीतून वजा करा किंवा निघा. मग नळीखालची पुढची लाकडी मूठ काढा, बंदूक बंद ठेवूनच दस्ता धरून हलवा. खुळखुळ जाणवली, तर सांधा सैल. नळ्यांतून प्रकाशाकडे बघा: आत गोल सावली वाकडी दिसली की पोचा किंवा फुगवटा. चोक हातानं उघडतात का ते बघा, गंजून बसलेले पुष्कळ असतात. आणि चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागाची, लांबी नळीवर कोरलेली वाचा. पावणेतीन इंचांच्या चेंबरमध्ये तीन इंची काडतूस जायला आत जातं, पण जायला नको.

घरी आणल्यावर

मोसम सुरू व्हायच्या आत दोन कामं. ३०-३५ यार्डांवर मोठा कागद लावून, तुमच्याच काडतुसांनी, दोन्ही नळ्यांचे बार काढून बघा. छर्ऱ्यांचा मध्य कुठं पडतो आणि दोन्ही नळ्या एकाच जागी मारतात का ते कळतं. दुसरं, जवळच्या क्लबात स्पोर्टिंग क्लेज, पण बंदूक आधीच खांद्याला लावून नाही: खाली धरून, तबकडी दिसल्यावर उचलून, रानात कराल तसंच. सरावाला ७/८ औंसाची हलकी काडतुसं वापरा. रोज संध्याकाळी रिकामी बंदूक, रिकामी आहे हे दोनदा बघून, नळीत लहान टॉर्च खोचून भिंत आणि छत मिळतात त्या रेषेवर तिचा उजेड फिरवत खांद्याला लावण्याचा सरावही करतात. दहा मिनिटं पुरतात. मुलं झोपल्यावर करा, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून.

बंदूक कुलूपबंद कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात. विमानानं जाणार असाल तर कडक कवचाची कुलूपबंद पेटी लागते, बंदूक रिकामी, आणि चेक-इनच्या काउंटरवर सांगावं लागतं. काडतुसं मूळ खोक्यात, बहुतेक कंपन्या पाच किलोपर्यंत नेऊ देतात. ओव्हर-अंडर दोन तुकड्यांत सुटते, त्यामुळे पेटी आखूड चालते.

रानात कुंपण ओलांडताना, नाला उतरताना, दुपारच्या डब्याला थांबताना ती उघडी ठेवा. मधून मोडलेली दुनळी बार काढू शकत नाही, आणि हे पन्नास फुटांवरच्या माणसालाही दिसतं. पंपच्या बाबतीत तसं नाही. पक्ष्याच्या खाली आकाश दिसलं तरच चाप ओढा. गवतालगत उडणाऱ्या फेझंटमागे कुत्रा असतो, आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला नारिंगी टोपी घातलेला तुमचाच मित्र. नारिंगी तुम्हीही घाला, कायद्यात असो वा नसो. जागा हवी असेल तर साऊथ डकोटात वॉक-इन एरिया, नॉर्थ डकोटात प्लॉट्स, कॅन्ससमध्ये वॉक-इन हंटिंग ॲक्सेस, मोंटानात ब्लॉक मॅनेजमेंट या योजनांत खासगी जमिनी शिकाऱ्यांना खुल्या असतात. राज्याच्या वन्यजीव खात्याचे नकाशे फोनवर मिळतात. नकाशात नसलेल्या शेताच्या मालकाला आधी दार वाजवून विचारा, बंदूक गाडीत ठेवून.